ऑक्टेन वाढलं तर अ‍ॅव्हरेज कसं काय घटलं? ई२० आणि इंजिनांच्या संशोधनाबद्दल प्रश्न

सातारा_हायवे:

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे-सातारा नेहमीचं जाणं-येणं. पूर्वी हायवेला १८ च्या आसपास अ‍ॅव्हरेज द्यायची, हल्ली १७ च्या पुढे काही केल्या जात नाही. टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग सगळं बघून झालं. पंपावरचा मुलगा म्हणाला आता सगळीकडे ई२०च येतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, दुसरं नाही मिळणार. बरं ठीक आहे, पण डोक्यात एक किडा वळवळतोय तो असा, की जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, ९१ चं ९५ झालं, आणि ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल भारी असं आपण कायम ऐकत आलो, लोक जादा पैसे देऊन प्रीमियम पेट्रोल भरतात ते त्याच्यासाठीच ना, मग पेट्रोल भारी झालं तर अ‍ॅव्हरेज वाढायला पाहिजे, कमी कसं झालं?

दुसरं म्हणजे इंजिनावर संशोधन चालू आहे असं म्हणतात ते नक्की काय चालू आहे? वरून बघणाऱ्याला तोच पिस्टन आणि तोच प्लग दिसतो. मुलगी बारावीला आहे, मेकॅनिकल घ्यायचं म्हणते आणि नातेवाईक सांगतात इंजिन संपलं आता, बॅटरी आली. तिलाही दाखवणार आहे हा धागा, तेव्हा जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. राजकारण नको प्लीज.

इंजिनवाला_पिंपरी:

दादा प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलात. मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे, म्हणजे इंधन किती आणि ठिणगी कधी हे इंजिनाला ठरवून द्यायचं, रोजचं कामच हे, त्यामुळे जरा लांबेल.

ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गोंधळ सगळा तिथे आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच जोडलेला असतो, ते अर्धवट जळलेलंच इंधन समजा. आता २० टक्के मिसळलं की लिटरमागे सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी होते शुद्ध पेट्रोलच्या मानाने, आणि ई१० च्या, म्हणजे १० टक्के इथेनॉलवाल्याच्या मानाने साडेतीन टक्के. तुमचं १८ चं १७ झालं ते या दोन आकड्यांच्या मधलं आहे, म्हणजे गाडीत काही बिघाड नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हेच होतं, ई० साठी (इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी) बनवलेल्या आणि ई१० ला कॅलिब्रेट केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, दुचाकीत ३ ते ४, आणि ई१० साठीच डिझाइन करून ई२० ला कॅलिब्रेट केलेल्या गाडीत १ ते २.

आता ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, दाब सहन करायची क्षमता. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबलं की ते तापतं, आणि प्लगची ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेलं मिश्रण स्वतःहून भडकलं तर त्याला नॉकिंग म्हणतात. खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये दामटलं की जुन्या गाड्यांचं इंजिन टकटक करायचं बघा, तेच ते. ऑक्टेन जास्त असेल तर मिश्रण जास्त दाबता येतं, आणि जास्त दाबून मग जास्त पसरू दिलं की त्याच उष्णतेतून जास्त काम निघतं. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं तो आकडा, १० वरून १३ ला नेला तर कागदावर ६-७ टक्के फायदा होतो, प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतो, पण तरी इथेनॉलने काढून घेतलेलं बरंचसं परत मिळवायची सोय त्याच इथेनॉलच्या ऑक्टेनमध्ये आहे. फक्त त्यासाठी पिस्टन आणि हेड तसं बनवलेलं लागतं. तुमच्या २०१३ च्या गाडीचा रेशो कारखान्यातच ठरला, तिला ९५ द्या नाहीतर ९८, ती दाबायची तेवढंच दाबणार. तोटा पूर्ण तुमच्या पदरात आणि फायदा वापरायची सोयच नाही. म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगत असतो की इंधन आणि इंजिन बरोबरीने बदललं पाहिजे, एकच बदललं की ग्राहक मधे सापडतो.

आम्ही करतो काय ते सांगतो. टेस्ट सेलमध्ये काचेपलीकडे इंजिन डायनोला (ताकद मोजायच्या यंत्राला) जोडलेलं असतं, फुल लोड, एक्झॉस्टचा पाइप लालभडक झालेला, आणि अलीकडे स्क्रीनवर नॉक सेन्सरचा आलेख. ठिणगी एकेक अंशाने अलीकडे घेत जायची, टॉर्क वाढत जातो, वाढत जातो, आणि एका अंशाला आलेखात बारीक काटे उठायला लागतात. तिथून थोडं मागे यायचं आणि तो आकडा त्या आरपीएमला, त्या लोडला लिहायचा. असे हजारो बिंदू आणि इंधन बदललं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ई२० वर ती काट्यांची जागा पुढे सरकते हे डोळ्यांनी दिसतं, शिवाय इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खेचतं त्यामुळे डायरेक्ट इंजेक्शन असेल तर सिलिंडरच्या आतच मिश्रण गार होतं, तो फायदा वेगळाच.

गॅरेज_नाशिकरोड:

वरच्या सरांनी थिअरी छान सांगितली, मी हातातलं सांगतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, पेट्रोलला १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला ९ पट, तो फरक सेन्सर बघतो आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवून घेतो, त्यामुळे तुमच्या गाडीला चालायला त्रास नाही. खरा त्रास कार्बोरेटरच्या जुन्या बाइकला, तिला कोण सांगणार इंधन बदललंय म्हणून, जेट तेवढंच, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), मग सकाळी चोक ओढून पण किका माराव्या लागतात आणि पिकअप घेताना झटका देते.

दुसरं रबर. जुन्या नळ्या, ओ-रिंग, पंपाचं डायफ्राम इथेनॉलने फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं. नळी दोन बोटांत दाबून बघा, चिकट किंवा भेगा पडलेली वाटली तर लगेच बदला, फ्लुरोरबरची मिळते, महाग आहे पण पेट्रोल गळून गाडी पेटण्यापेक्षा परवडलं. आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पंप नेमका खालून ओढतो. लोखंडी टाकीला आतून गंज चढतो तो वेगळा. रोज चालणाऱ्या गाडीला यातलं फारसं काही होत नाही.

शिरोळचा_ऊस:

राजकारण नको म्हणालाय म्हणून तेवढं सोडून बोलतो, पण इंधनाच्या गप्पा पंपापासून सुरू करून चालत नाही, त्या रानापासून सुरू होतात. आमच्याकडं साखर कारखान्याला डिस्टिलरी नसंल तर कारखाना चालवणं मुश्कील झालंय. पूर्वी इथेनॉल फक्त शेवटच्या मळीतनं व्हायचं, सी हेवी म्हणतात ती, टनाला १०-११ लिटर निघायचं. आता बी हेवी मळीतनं (त्याच्या आधीची, जास्त साखर असलेली) आणि थेट रसातनं पण करतात, रसातनं टनाला ७० लिटरच्या आसपास. पैसे तेल कंपन्यांकडनं वेळेत येतात, साखर गोडाऊनात पडून राहत नाही, त्यामुळं ऊसबिलं लवकर मिळायला लागली हे मी स्वतः बघितलंय आणि त्याचं मोल आमच्यासारख्याला फार आहे.

पण धोरणाचा भरवसा पाहिजे. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात रसापासनं इथेनॉल करायला बंदी आली, पाऊस कमी म्हणून साखर कमी पडंल असं कारण, मग आठवडाभरात थोडी सूट दिली, पुढच्या हंगामाला बंदी उठवली. कोट्यवधीचं कर्ज काढून प्लांट उभे केलेल्यांनी काय करायचं त्या दिवसांत?

आणि पाणी. नीती आयोगाच्याच कागदात आहे, उसापासनं एक लिटर इथेनॉल म्हणजे २,८६० लिटर पाणी. आमच्या शिरोळ तालुक्यात पाटानं पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्यात, पांढरा थर दिसतो वर, तिथं आता काही उगवत नाही. ठिबकवर ऊस कमी पाण्यात येतो, मी केलाय. स्वच्छ इंधन म्हणताना हे रान पण हिशेबात धरा एवढंच म्हणणं आहे.

रसायन_निवृत्त:

शिरोळकरांचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि संशोधनाचा खरा कस तिथेच आहे. अन्न आणि पाणी न खाता इथेनॉल कसं करायचं, तर पिकाच्या काडीपासून. पानिपतला इंडियन ऑइलचा प्लांट ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला, वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल अशी क्षमता, आणि त्याचं तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या प्राज कंपनीचं. ऐकायला सोपं वाटतं पण रसातली साखर यीस्टला लगेच खाता येते, पेंढ्यातली साखर सेल्युलोजच्या साखळीत अडकलेली असते आणि वरून लिग्निनचं वेष्टण, म्हणून आधी वाफेने आणि आम्लाने ते फोडायचं, मग एन्झाइमनी साखळ्या तोडायच्या, मग कुठे आंबवणं. त्यात पेंढ्यातून वाळू-माती येते, ती यंत्रं झिजवते. एन्झाइमचा खर्च आणि पेंढा गोळा करून साठवणं, दोन्हीकडे अजून भरपूर काम बाकी आहे. तुमच्या मुलीला केमिकलची आवड असेल तर तेही सुचवा.

एक इतिहास सांगतो कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. नॉकिंग थांबवायला अल्कोहोल चालतं हे १९२० च्या दशकात माहीत होतं. तरी १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला टेट्राएथिल लेड सापडलं, अगदी थोडं घातलं तरी काम होतं आणि त्याचं पेटंट घेता येतं, म्हणून जगाने शिसं निवडलं. आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झालं, अल्जीरियात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये. शंभर वर्षं मुलांच्या रक्तात शिसं गेलं. म्हणून इंधनात काय मिसळतोय याकडे नुसतं अ‍ॅव्हरेजच्या नजरेने बघू नये, ई२० ने कार्बन मोनॉक्साइड दुचाकीत निम्म्यापर्यंत आणि चारचाकीत सुमारे ३० टक्क्यांनी घटतो असं नीती आयोगाच्या त्याच अहवालात आहे, नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये मात्र ठळक फरक नाही, आणि अ‍ॅल्डिहाइड वाढतात, त्याच्यावर लक्ष ठेवायलाच हवं.

श्टुटगार्टचा_मराठी:

इकडे जर्मनीत ई१० २०११ मध्ये आलं तेव्हा लोकांनी खूप खळखळ केली होती, पण पंपावर ई५ शेजारीच ठेवलेलं होतं आणि आजही आहे, ज्याची गाडी जुनी तो ते भरतो. भारतात हा पर्याय हवा होता असं मला मनापासून वाटतं, निदान २०१२-१५ च्या गाड्या रस्त्यावर आहेत तोपर्यंत तरी. ब्राझीलने १९७५ पासून या गोष्टीत पैसा आणि अक्कल घातली, २००३ ला फ्लेक्स फ्युएल गाड्या आणल्या ज्या कुठल्याही मिश्रणावर चालतात, आणि ग्राहक पंपावर भाव बघून ठरवतो काय भरायचं.

इथे ई-फ्युएलची चर्चा जोरात असते, चिलीत हारू ओनीला वाऱ्याच्या विजेपासून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळवून पेट्रोल करायचा प्लांट २०२२ च्या डिसेंबरला सुरू झाला. काम सुंदर आहे, पण तेवढीच वीज बॅटरीत भरली तर गाडी चार-पाच पट लांब जाते, त्यामुळे रोजच्या गाडीसाठी मला ते पटत नाही. विमान-जहाजांसाठी वेगळी गोष्ट.

सातारा_हायवे:

सगळ्यांचे मनापासून आभार, ऑक्टेनचं आता डोक्यात बसलं. इंजिनवाला दादा, दुसऱ्या प्रश्नाचं तेवढं राहिलं. आणि त्या हायब्रिड गाड्या २७-२८ चं अ‍ॅव्हरेज सांगतात ते कुठून येतं, बॅटरी तर घरी चार्ज करत नाही आपण?

इंजिनवाला_पिंपरी:

हो राहिलं ते. साध्या पेट्रोल इंजिनात १०० रुपयांचं पेट्रोल जाळलं तर चाकाकडे जायला उत्तम परिस्थितीत ३५ रुपयांच्या आसपास निघतात, बाकीचे सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत. सिग्नलला, गर्दीत तर त्याहून वाईट, कारण थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) अर्धवट बंद असतो आणि इंजिन हवा ओढायलाच धडपडत असतं. हायब्रिडमध्ये अ‍ॅटकिन्सन सायकल वापरतात, कल्पना १८८२ ची आहे, इंग्लंडच्या जेम्स अ‍ॅटकिन्सनची. इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करायचा, थोडी हवा परत मागे जाते, म्हणजे दाबायचं कमी पण पसरू द्यायचं पूर्ण, त्यामुळे एक्झॉस्टमधून जाणारी बरीच उष्णता कामाला येते. इंजिनाची ताकद त्यामुळे घटते, म्हणून शंभर वर्षं ते गाड्यांत कोणी फारसं वापरलं नाही, पण जोडीला मोटर आली आणि ती उणीव भरून निघाली. टोयोटाने १९९७ ला प्रियसमध्ये हे आणलं आणि २०१५ च्या प्रियसचं इंजिन ४० टक्क्यांपर्यंत पोचलं. वर ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते, आणि गर्दीत इंजिन बंदच असतं. त्यातून येतात ते २७-२८, फार मोठ्या मेहनतीचं काम आहे ते.

आणि इंजिन पातळ मिश्रणावर चालवलं तर अजून फायदा असतो, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी वायू एकदम तेव्हाच साफ करतो जेव्हा हवा आणि इंधन अगदी नेमक्या प्रमाणात असतं, पातळ केलं की नायट्रोजन ऑक्साइड सुटतात. २०१९ मध्ये माझदाने स्कायअ‍ॅक्टिव्ह-एक्स इंजिन आणलं, प्लगने छोटी ज्योत लावून बाकीचं पातळ मिश्रण दाबानेच पेटवायचं, त्यावर अजून बरेच जण झटतायत.

मुलीला सांगा मेकॅनिकल बिनधास्त घे, पण सोबत इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग शिक, कारण आमच्याकडे आता निम्मं काम तेच आहे. पुण्यात पौड रोडच्या टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन आणि चाचणी संस्था आहे १९६६ पासून, इंटर्नशिपसाठी चौकशी करा. इथेच केपीआयटी ही सॉफ्टवेअर कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी मिळून केलेली हायड्रोजन फ्युएल सेलची बस २०२२ ला धावली, इथेच २०२४ ला बजाजने सीएनजीवर चालणारी मोटरसायकल काढली. हायड्रोजन थेट इंजिनात जाळायचंही काम चालू आहे, ट्रकसाठी. पिस्टन समजलेला माणूस अजून खूप वर्षं लागणार आहे.

गॅरेज_नाशिकरोड:

आणि साताराकर, पुढच्या सर्व्हिसिंगला फ्युएल फिल्टर बदलायला सांगा. जुन्या टाकीतली घाण इथेनॉलने सुटते आणि सगळी तिथे येऊन बसते. २०१३ च्या गाडीला फिल्टर पंपासोबत टाकीतच असतो बऱ्याचदा, त्यामुळे मागची सीट उचलावी लागते, गॅरेजवाला टाळाटाळ करतो, तुम्ही उभं राहून करून घ्या.