खालच्या गाळ्यातला स्पा आणि कालची पोलिसांची गाडी

ए-२०३: काल साडेपाचला गेटसमोर पोलिसांची गाडी होती, कुणाला काही माहितीये का? लेकीला क्लासवरून आणत होते, स्पाच्या काचेबाहेर हीऽऽ गर्दी

बी-६०१: रेड पडली. मी तेव्हाच बोंबलत होतो तो गाळा स्पाला देऊ नका म्हणून. व्हिडिओ काढलाय, बघा 👆

सेक्रेटरी: व्हिडिओ डिलीट करा कृपया, मुलींचे चेहरे दिसतायत

बी-६०१: दिसले तर दिसले, रेडच आहे ना

बी-३०४: रेडबिड काही नव्हती. मी आतच होते.

ए-२०३: काकू तुम्ही?? 😳

बी-३०४: हो मी, त्यात काय एवढं. जानेवारीपासून फ्रोझन शोल्डर आहे, हात मागे नेऊन ब्लाऊजचा हूक लागत नव्हता. फिजिओ चालू आहेच पण मान आणि पाठ पण धरते म्हणून लेकीने पाच सिटिंगचं पॅकेज घेऊन दिलं. काल तिसरं. मी पालथी, तोंड टेबलाच्या भोकात, खाली घंगाळात पाणी आणि प्लास्टिकची फुलं, आणि बाहेर बूट वाजले. दाराला आतून कडी नाहीच, लेडी कॉन्स्टेबलने डोकावलं, मला बघून म्हणाली असू द्या काकू, पडा. पण आता कसली पडते, गाऊन घालून तेलकट केसांनी बाहेर येऊन बसले. गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद बघितला, भाडेकरार बघितला, दारावरचा कॅमेरा चालू आहे का बघितलं, मग रजिस्टर. त्यात निम्म्या लोकांचे मोबाईल नंबर नऊच आकडी 😄

बी-३०४: एक मात्र आवडलं नाही. माझी जी थेरपिस्ट आहे ती मिझोरामची, तिचं आधार तीनदा मागितलं, इंडियनच ना इंडियनच ना. पोरगी हसून उत्तर देत होती पण हात थरथरत होते, तेच हात दहा मिनिटांपूर्वी माझ्या खांद्यावर होते.

सी-१०२: काकू म्हणतायत ते बरोबर. पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायविरोधी कायद्याखाली रेड असली की त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात, त्यात एक तरी बाई, आणि सोबत दोन महिला पोलीस. बहुतेक वेळा आधी डमी कस्टमर पाठवतात. काल आपल्यातल्या कुणाला पंच म्हणून बोलावलं का? नाही ना. म्हणजे साधं चेकिंग. आणि ६०१, तो व्हिडिओ खरंच काढून टाका, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय की रेडमध्ये सापडलेल्या बायकांचीसुद्धा ओळख उघड करू नका, या तर नुसत्या कामावर आलेल्या मुली.

बी-६०१: काढून टाकला. पण क्रॉस मसाजवर बंदी आहे ना? वाचलंय मी

सी-१०२: ते दिल्लीचं. २०२१ ला तिथल्या सरकारने नियम केले, बायकांना बाईनेच, पुरुषांना पुरुषानेच, दाराला कडी नको वगैरे. त्यातल्या क्रॉस मसाजच्या बंदीला दिल्ली हायकोर्टाने त्याच डिसेंबरात स्टे दिला.

ए-५०२: मी म्हणतो आतल्या खोल्यांतही कॅमेरे लावायला सांगू, म्हणजे विषयच मिटला

बी-३०४: अरे बाबा मी तिथे कपडे काढून पडलेली असते!!

सी-१०२: 😂 ५०२, हाच मुद्दा मद्रास हायकोर्टात झालाय. २०२२ च्या जानेवारीत मदुरै खंडपीठाने म्हटलं की स्पाच्या आत कॅमेरा म्हणजे प्रायव्हसीवर घाला. माझ्या मते दारावर, रिसेप्शनला ठीक.

ए-५०२: बरं सॉरी काकू

ए-२०३: पण समजा आपण मसाजला गेलोय आणि तेव्हाच खरी रेड पडली तर आपल्याला पण नेतात का

सी-१०२: नुसता मसाज हा गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा, ग्राहकाच्या बाबतीत वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळं सांगितलंय. बिल घ्यायचं, खरं नाव लिहायचं.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर, स्पा बंद करा या अर्जावर १८ सह्या आल्यात. माझं मत विचाराल तर पोलिसांना जे बघायचं ते त्यांनी बघितलं, आपली तक्रार वेगळी आहे, त्यांचे ओले टॉवेल आपल्या टेरेसवर वाळतात, रोज पंचवीस-तीस, आणि स्टीमचं पाणी बी विंगच्या पार्किंगमध्ये ठिबकतं, त्याचं लेखी पत्र मी मालकाला मार्चपासून दोनदा दिलंय. सह्या करायच्या तर त्यावर करा ना. नीतीवरून गाळा बंद करायला मी काही जाणार नाही, कमी माणसांचं दुकान असेल तर दुकानांच्या नव्या कायद्यात नुसती सूचना दिली तरी चालतं, लायसन्स कुठलं रद्द करायला सांगू

बी-६०१: टॉवेलचा मुद्दा मान्य

बी-३०४: टॉवेल गरम आणि स्वच्छ असतात हं पण

ए-७०१: काकू एक विचारायचं होतं. ते रजिस्टर पोलीस घेऊन गेले का?

बी-३०४: नाही, पानांचे फोटो काढले फक्त. का रे, तुझा पण खांदा धरलाय?

ए-७०१: मान