मुलीला एकेरी सोडून दुहेरी खेळायला सांगितलंय, तिला कसं समजावू?

राजारामपुरीची आई:
नमस्कार. मुलगी सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. आठ वर्षं बॅडमिंटन खेळतेय, तेही एकेरीच. गेल्या आठवड्यात सर म्हणाले, "हिचा हात नेटजवळ लई चांगला चालतो, आता दुहेरीत घालूया." पोरगी घरी आली आणि किट कोपऱ्यात टाकून न जेवता झोपली. एकेरीत जमलं नाही म्हणून मला बाजूला काढलं, असं तिच्या मनानं घेतलंय.

इजिप्तच्या हदिया होस्नीबद्दल मी मध्यंतरी वाचलं होतं. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिक, २०१२ ला लंडन, दोन्हीकडं एकेरी. रिओला ती नव्हती. आणि नऊ वर्षांनी टोकियोत परत आली ती महिला दुहेरीत, दोहा हानीबरोबर, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी! औषधशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, त्या वेळी देशाच्या संसदेत खासदारसुद्धा होती. गटातून पुढं जाता आलं नाही, तरी मला तिचं फार कौतुक वाटतं. हे मुलीला सांगू का? दुहेरी खरंच दुय्यम असते का हो?

जुना शटलर:
ताई, अजिबात नाही. दुहेरीत कोर्ट १७ फुटांचं २० फूट रुंद होतं, पण सर्व्हिस मागच्या रेषेच्या अडीच फूट आतच पडावी लागते. म्हणजे उंच सर्व्हिस टाकली की समोरची उडी मारून ठोकणार. म्हणून सर्व्हिस नेटला घासून जाईल अशी करायची, आणि पहिल्या तीन-चार फटक्यांत पॉइंट कुणाच्या बाजूला झुकतोय ते कळतं. नेटजवळ हात चालणारी मुलगी तिथं सोन्यासारखी. जागतिक स्पर्धेत भारतीय महिलांचं पहिलं पदक कुठलं? २०११ चं ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पांचं कांस्य. दुहेरीतलं. सिंधूचं पहिलं पदक त्यानंतर दोन वर्षांनी आलं.

पंचगंगाकाठ:
हदियाचं सांगा, पण पूर्ण सांगा. टोकियोच्या दुहेरीत प्रत्येक खंडाची निदान एक जोडी होती, त्यामुळं तिथं जागा मिळवायला तिची लढत आफ्रिकेतल्या जोड्यांशी होती. आपल्या पोरींना आधी भारतातच केवढी गर्दी आहे! मात्र मधली वर्षं काढणं कुणालाच सोपं नसतं. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतचंच बघा, लंडन खेळली, रिओ हुकलं, टोकियोला परत उभी राहिली. इथलीच नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० ला विश्वविजेती झाली, पण पहिलं ऑलिम्पिक चाळिशीत खेळली. मुलीला या दोघी जवळच्या वाटतील.
आणि जोडीदार कोण, ते सरांना आधी विचारा. दुहेरीत निम्मं काम तिथंच होतं.

राजारामपुरीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. जोडीदार तिच्याहून वर्षभरानं लहान आहे, डावखुरी, मागून जोरात मारणारी. हदियाचं सांगितलं तेव्हा मुलगी काही बोलली नाही. राहीताईंचं तिला माहीतच होतं. पण अडीच फुटांचं वाचून दाखवलं तशी उठली, शिवणाच्या डब्यातला टेप घेतला आणि खडूनं गच्चीवर रेष मारून आली. आता रोज संध्याकाळी भाऊ पलीकडं उभा राहतो आणि ही जुनी शटलं घेऊन सर्व्हिस टाकत बसते. काल पन्नासातल्या एकोणीस बरोबर पडल्या, मी स्वतः मोजल्या.