मागच्या चाकाच्या स्प्लाइनवर तपकिरी भुकटी: गिअर ऑइल वेळेवर बदलूनही झीज का होते?

लांबपल्ला:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे शाफ्ट ड्राइव्हची (साखळीऐवजी फिरत्या दांड्याने मागचे चाक चालवणारी), दोन्ही बाजूंनी स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी भुजा) असलेली जुनी टूरिंग मोटरसायकल आहे. साखळीला तेल घालण्याची कटकट नको म्हणूनच ती घेतली होती, आणि फायनल ड्राइव्हचे, म्हणजे शाफ्टची गती मागच्या चाकाला देणाऱ्या गिअरपेटीचे, तेल मी आजवर न चुकता बदलत आलो आहे. परवा टायर बदलण्यासाठी मागचे चाक काढले, तेव्हा हबवरच्या फ्लँजचे दाते (म्हणजेच स्प्लाइन, जे फायनल ड्राइव्हच्या दात्यांत अडकून चाक फिरवतात) कोरडेठाक आढळले आणि त्यांच्या खाचांमध्ये तांबूस तपकिरी भुकटी साचलेली होती. ड्रेन बोल्टमधून निघालेले तेल स्वच्छ होते, त्यात लोखंडाचा कीसही नव्हता. मग ही भुकटी आली कोठून? पाणी शिरून गंज चढला असावा काय? दाते अजून वापरण्याजोगे आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे?

जुनापाना:
आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. गिअर ऑइल क्राउन व्हील आणि पिनियन या फायनल ड्राइव्हच्या आतल्या गिअरांसाठी असते आणि ते ऑइल सीलच्या आतच राहते. आपण म्हणता ते चाकाचे स्प्लाइन सीलच्या बाहेर आहेत, त्यामुळे आतले तेल कितीही ताजे असले तरी त्याचा थेंबही तेथे पोहोचत नाही.

पाण्याने गंज वाढतो हे खरे. परंतु पाणी न लागताही ही भुकटी तयार होते. स्प्लाइनचे दाते गिअरसारखे एकमेकांवर फिरत नाहीत. ते एकमेकांत अडकलेले असतात आणि दर धक्क्याला, दर वेळी थ्रॉटल उघडताना-मिटताना केसभर सरकतात. मध्ये वंगण नसेल तर धातूचे सूक्ष्म कण सुटतात, हवेने त्यांचे लोहऑक्साइड होते, आणि ते पोलादावर पॉलिश पेपरसारखे घासत राहते. म्हणजे झिजेतून भुकटी आणि भुकटीतून पुन्हा झीज असे चक्र सुरू होते.

प्रथम दोन्ही बाजूंचे दाते रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण साफ करून कोरडे करावेत. जुन्या ग्रीसवर नवे थापणे म्हणजे त्या पावडरीचीच लापशी करणे होय. मग गाडी पुढे जाताना ज्या कडेवर जोर येतो, त्या कडेवरून नख फिरवावे. नखाला पायरी लागली तर झीज सुरू झाली आहे, असे समजावे. दात्याचा माथा सपाट असेल तर बरेच आयुष्य शिल्लक आहे; माथा निमुळता होऊन एका बाजूला कललेला दिसला, तर फ्लँज आणि तिच्यात बसणारा फायनल ड्राइव्हचा भाग हे दोन्ही बदलावेत, कारण झिजलेला भाग नव्या जोडीदारालाही लवकर झिजवतो.

रविवारमेकॅनिक:
एवढ्या काळजीची खरोखर गरज आहे काय? मी चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लावतो, तेही एक टायरबदल सोडून एक. अजून काही बिघडलेले नाही.

जुनापाना:
आपले नशीब चांगले आहे, आणि कदाचित आपली गाडी फार अंतर चालत नसेल. बेअरिंगचे ग्रीस दात्यांमधल्या दाबाखाली बाजूला सरते आणि चाक फिरताना बाहेर फेकले जाते. दुर्दैवाने ते ब्रेकच्याच बाजूला उडाले तर वेगळाच प्रसंग. येथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे प्रमाण भरपूर असलेली पेस्ट हवी. तिच्यातील तेल कालांतराने उडून गेले तरी मॉलीचे पापुद्रे दात्यांना चिकटून राहतात आणि एकमेकांवरून घसरतात. डब्यावर नुसते ‘मॉली’ असे लिहिलेले असणे पुरेसे नाही, कारण साध्या मॉली ग्रीसमध्ये हे प्रमाण जेमतेम ३ ते ५ टक्के असते, तर स्प्लाइनच्या पेस्टमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास असते. होंडाच्या ‘मॉली ६०’ या नावातला आकडा त्याचाच आहे. थर मात्र पातळ असावा. खाचा लिंपून टाकू नयेत. फ्लँजवर ओ-रिंग (रबरी कडे) असेल तर तीही तपासावी. फाटलेल्या ओ-रिंगमधून पाणी आणि धूळ आत जाते. राहिला अवधीचा प्रश्न: दर टायरला, एकही न सोडता. चाक तसेही खाली आलेलेच असते.

सरळरेषा:
एक भर घालतो, कारण उत्तम पेस्ट लावूनही दाते झिजल्याचे मी पाहिले आहे. चाक आणि फायनल ड्राइव्ह एका रेषेत नसतील तर सगळा भार दात्यांच्या एका टोकावर येतो आणि वंगण हतबल ठरते. ज्या गाड्यांत फायनल ड्राइव्ह स्विंगआर्मला नटांनी जोडलेला असतो, तेथे ते नट आधी हातानेच बसवावेत, चाक चढवावे, एक्सल ठरलेल्या टॉर्कने आवळावा आणि मगच ते नट आवळावेत. आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम याहून वेगळा असेल, तर अर्थातच तो पाळावा.

शिवाय शाफ्टच्या दुसऱ्या टोकालाही स्प्लाइन असतात, आणि ते नजरेआड असल्यामुळे विस्मरणात जातात. बीएमडब्ल्यूच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या आर मालिकेतील बऱ्याच गाड्यांत शाफ्ट स्विंगआर्ममधल्या तेलातच फिरतो, तरीही चाकाचे स्प्लाइन कोरडेच राहतात. याउलट, एकतर्फी स्विंगआर्म असून चाक थेट फायनल ड्राइव्हला बोल्टने जोडलेले असेल तर चाकाचे स्प्लाइन नसतातच, मात्र शाफ्टचे असतात. तेव्हा फायनल ड्राइव्ह एकदा उतरवून शाफ्टची दोन्ही टोके आणि तेथील रबरी बूट (आवरण) पाहून घ्यावेत.

लांबपल्ला:
सर्वांचे आभार. दाते साफ केले. माथे सपाट आहेत, पण एका कडेला नखाला अगदी बारीक पायरी लागते, आणि ती दात्याच्या पूर्ण लांबीवर नसून बाहेरच्या टोकाकडेच आहे. ‘सरळरेषा’ यांनी सांगितलेले कारण येथे लागू पडते असे दिसते, कारण आजवर मी फायनल ड्राइव्हचे नट कधी सैल केलेच नव्हते. ओ-रिंग कडक होऊन चिरलेली निघाली. पेस्ट आणि नवी ओ-रिंग मागवली आहे. तोवर गाडी स्टँडवरच राहील.