बेलफास्टच्या एकत्र शाळांनी दुरावा कमी होतो का?

इतिहासशिक्षिका: उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलं मुद्दाम एकत्र शिकवणाऱ्या शाळा आहेत. त्यांचा खरंच उपयोग होतो का?

बेलफास्टकर: होतो, ताई. पण नुसतं शेजारी बसवून नाही. माझ्या लेकीच्या वर्गात १६९०ची बॉइनची लढाई, म्हणजे प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं ती, दोन्ही बाजूंनी शिकवतात. मुलं कडाकडा भांडतात आणि संध्याकाळी एकमेकांकडे जेवायला जातात. अशी पहिली शाळा, लॅगन कॉलेज, १९८१ साली पालकांनीच काढली, २८ मुलं घेऊन, दोन्ही समाजांतल्या ऐन हिंसाचारात! त्या आईबापांचं धैर्य मला फार मोठं वाटतं.

इतिहासशिक्षिका: मग सगळीकडे का नाहीत?

बेलफास्टकर: वस्त्याच वेगळ्या, मधे उंच भिंती. बहुतेक मुलं अजून आपापल्याच शाळांत जातात.

डीएडवाला: शिक्षकही कॅथलिकांचं सेंट मेरीज आणि मुख्यतः प्रोटेस्टंटांचं स्ट्रॅनमिलिस अशा दोन वेगळ्या कॉलेजांत घडतात. आधी ते एकत्र शिकायला हवेत.