मदत हवी आहे: खगोलभौतिकीच्या प्रोफेसरपदाची जाहिरात, सोमवारपर्यंत!

खंडवारोडकर:
मंडळी, पटकन सांगा. आमच्या विभागात प्रोफेसरची एक जागा भरायची आहे. विषय ऑब्झर्वेशनल एक्स्ट्रागॅलॅक्टिक अॅस्ट्रोफिजिक्स, म्हणजे आपल्या आकाशगंगेपलीकडच्या दीर्घिका वगैरे. पहिल्या जाहिरातीला सात अर्ज आले, एकही कामाचा नाही. दुसरी सोमवारी जायची आहे. मजकुराचा नमुना असेल तर द्या. आधीच उशीर झालाय, कृपया चर्चा नको.

जुना_मास्तर:
चर्चा नको तर इथे कशाला आलात? सरकारी की खाजगी? यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम लागू आहेत का? जागा खुली की राखीव? आणि ‘कामाचा नाही’ म्हणजे नक्की काय?

पोहे_जिरावण:
इंदूरलाच ना? सिमरोलला आयआयटीत खगोलशास्त्राचा अख्खा विभाग आहे. तिथून कुणाला तरी उचला की भिया.

खंडवारोडकर:
आयआयटी सोडून आमच्याकडे कोण येतंय भाऊ? खाजगी, पण यूजीसी लागू. खुली जागा. अर्जांचं विचारता तर ऐका: हिंदी जाहिरातीत ऑफिसने विषय छापला ‘ज्योतिर्विज्ञान’. सातांपैकी चार पत्रिका बघणारे निघाले. एकाने अर्जाला रत्नांच्या दुकानाचं कार्ड टाचलंय, पुष्कराजावर दहा टक्के सूट. बाकीचे तिघे सॉलिड स्टेटवाले, म्हणजे घनपदार्थांच्या भौतिकीतले.

जुना_मास्तर:
ऑफिसला एकदम नावं ठेवू नका. यूजीसीने २००१ मध्ये फलज्योतिषाच्या अभ्यासक्रमाला हेच नाव दिलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. आम्ही तेव्हा स्टाफरूममध्ये दोन गट पाडून भांडायचो, चहासुद्धा वेगवेगळा.

मृणाल_पुणे:
भाषांतर सुधाराल, पण घोडं पदावर अडलंय. २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला १० वर्षांचा अनुभव, १० शोधनिबंध, १२० रिसर्च स्कोअर (संशोधनाचे गुण), शिवाय गाईड म्हणून पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा लागतो. हे शेवटचंच नडतं. मी बाहेर दोन पोस्टडॉक केल्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या. एका मुलाला दीर्घिकेच्या वर्णपटातून (प्रकाशाची रंगांत केलेली फोड) रात्रीच्या आकाशाच्या रेषा वजा कशा करायच्या इथपासून सगळं मी शिकवलं, पण प्रबंधावर गाईड म्हणून नाव बॉसचं. त्यात आमच्याकडे आकाश-सर्वेक्षणाच्या पेपरवर डझनांनी लेखक. पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के गुण, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. असोसिएट प्रोफेसरची जाहिरात काढा: ८ वर्षं, ७ निबंध, ७५ स्कोअर, आणि गाईडची अट नाही. बघा कशी माणसं येतात ती.

जुना_मास्तर:
पद म्हणजे काय मंडईतली भाजी आहे, ही नको ती द्या? मंजुरी प्रोफेसरची असणार. आधी निवड समितीचे बाहेरचे तीन तज्ज्ञ ठरवा, ते अजून कुणी विचारलंच नाही.

नारायणगावकर:
रेडिओवाला घ्या, दुर्बिणीचा खर्चच नाही. आमच्या गावाशेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश. निरीक्षणाच्या वेळेसाठीचा प्रस्ताव पास झाला की विद्यापीठ कुठलं हे कुणी बघत नाही.

तारकापुंज:
रेडिओ रेडिओ काय करताय? दीर्घिकेचं अंतर काढायला वर्णपट लागतो. उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे, लडाखमध्ये हानलेला २ मीटरची. ऑप्टिकलवालाच घ्या.

नारायणगावकर:
२०२० मध्ये जीएमआरटीनेच ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन मोजला. ‘नेचर’मध्ये आलंय. वाचा जरा.

तारकापुंज:
वाचलंय. त्या ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकावर एक रचून मग तो दिसला. आणि रचायला रेडशिफ्ट (वर्णपटातल्या रेषा लाल टोकाकडे किती सरकल्या ते, त्यावरून अंतर कळतं) कुठून आणले? हवाईतल्या केक दुर्बिणीच्या ऑप्टिकल सर्वेक्षणातून! आता बोला.

नारायणगावकर:
म्हणजे दोन्ही लागतात. मी वेगळं काय म्हणालो?

राजवाडा_काका:
भाचा आठवीत आहे. आठ-दहा हजारांत शनीची कडी दिसेल अशी दुर्बीण कुठली? छावणीत एक दुकानदार ६०० पट म्हणतोय.

तारकापुंज:
काका, ६०० पट लिहिलेल्या डब्याला हात लावू नका. पट सोडा, भिंग किती इंची ते विचारा.

मृणाल_पुणे:
खंडवारोडकर, तुमच्याकडे दुर्बीण आहे का? नसली तरी बिघडत नाही, स्लोनसारख्या आकाश-सर्वेक्षणांचा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. पण सुरुवातीला किती निधी देणार, पीएच.डी.च्या किती जागा, आठवड्याला किती तास शिकवायचं, हे जाहिरातीत लिहा. उमेदवार आधी तेच शोधतो. विभागाची थोरवी नंतर.

खंडवारोडकर:
दुर्बीण नाही. गच्चीवर घुमट आहे, त्यात सध्या जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. तास आठवड्याला अठरा.

मृणाल_पुणे:
अठरा?? प्रोफेसरला यूजीसीच्या हिशोबाने १४ आहेत. मग रात्री निरीक्षण कधी आणि झोपायचं कधी?

जुना_मास्तर:
आम्ही बावीस घेतले आहेत.

मृणाल_पुणे:
आणि पेपर किती लिहिले, सर?

खंडवारोडकर:
भांडू नका. आज कुलसचिवांना घरी जाऊन भेटलो. पद बदलायला नियामक मंडळाची बैठक लागेल, ती पुढच्या महिन्यात. सोमवारची जाहिरात थांबवली. तास १४ वर आणायला ‘बघू’ म्हणाले. निधीचं वाक्य घातलंय, आकडा त्यांनी कोरा ठेवलाय. हिंदीतलं ‘खगोल भौतिकी’ मी स्वतः टाइप करून दिलंय. मृणालताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, तज्ज्ञांची नावं तेवढी सुचवा.