वेल्डिंग शिकवताना ओरडावं का?

ठिणगी:
नव्या मुलाचा रॉड (वितळून जोड भरणारी कांडी) प्लेटला चिकटला की शिकवणारे आधी ओरडतात. हे बंद व्हायला हवं. रॉड चिकटण्याची कारणं ठरलेली आहेत: करंट कमी, रॉड दमट, प्लेटवर गंज किंवा रंग, प्लेटला लावलेला अर्थिंग क्लॅम्प (चिमटा) सैल. पहिल्या आठवड्यात यातलं काहीच मुलाला ओळखता येत नाही. ३.१५ मिमीच्या, ६०१३ प्रकारच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. मशीन ७० वर ठेवून दिलं तर कोणाचाही रॉड चिकटेल. ओरडा बसला की हात आखडतो, मूल रॉड आणखी दाबतं आणि तो परत चिकटतो. आधी मशीन बंद ठेवून हात बसवून घ्या: टोक प्लेटपासून रॉडच्या जाडीइतकं वर, कल ७०-८० अंश. मग करंट चालू.

ऐरण:
साफ असहमत. उघड्या डोळ्यांनी आर्क (रॉडच्या टोकाशी पेटणारा विजेचा प्रखर झोत) पाहिला तर त्या वेळी काहीच होत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. म्हणजे चूक घडताना मुलाला ती जाणवतच नाही. नायलॉनचा शर्ट, घामाने भिजलेले हातमोजे, चिपिंग करताना (वेल्डवरचा कडक थर ठोकून काढताना) गॉगल वर सरकवलेला, अशा वेळी गोड बोलायला सवड नसते. शिवाय एका मशीनवर चार-पाच मुलं असतात.

ठिणगी:
डोळे, शॉक आणि आग या तीन बाबतींत ओरडा, माझी हरकत नाही. पण बीड (वेल्डची ओळ) वाकडी आली म्हणून तोच आवाज लावला, तर जिवावरची चूक कोणती आणि सरावाने सुटणारी कोणती, हे त्याला कळणार कसं? चिकटलेला रॉड सोडवतानाच बघा. घाबरलेलं मूल आधी तोंडापुढची शील्ड बाजूला करतं आणि मग रॉड हिसडतं, आणि सुटताना आर्क पेटतो तो थेट डोळ्यांसमोर. शांतपणे शिकवलेलं मूल शील्ड खालीच ठेवतं, मनगट बाजूला वळवतं, नाही सुटला तर होल्डरचा दांडा दाबून रॉड मोकळा करतं.

ऐरण:
हा मुद्दा पटला. पण रॉड फुकट जातात त्याचं काय?

गुण्या:
पहिल्या सरावाचे रॉड फुकट जाणारच, ते आधीच हिशेबात धरा. मला दुसरीच भीती वाटते. दयाळूपणाच्या नावाखाली वाईट वेल्डला शाबासकी मिळते. कमी करंटची बीड उंच, दोरीसारखी दिसते, पण ती प्लेटमध्ये उतरलेली नसते. तिला 'छान' म्हणणं म्हणजे मुलाला फसवणं आहे. एका पट्टीवर दुसरी उभी ठेवून टी-जॉइंट एकाच बाजूने वेल्ड करायला लावा. मग व्हाइसमध्ये धरून, वेल्ड नसलेल्या बाजूने उभ्या पट्टीवर हातोडा मारून त्यालाच तो मोडू द्या.

ऐरण:
आपल्या हाताने केलेलं मोडायला लावणं हे ओरडण्यापेक्षा कमी लागतं का?

गुण्या:
लागतं, म्हणून मोडल्यावर निकाल सांगू नका, तुकडा त्याच्या हातात द्या आणि विचारा, कोरी, न वितळलेली कडा कुठे दिसते? फक्त सुरुवातीला दिसली, तर आर्क पेटल्याबरोबर हात पुढे गेला. तिथे क्षणभर थांबायचं. संपूर्ण लांबीभर दिसली, तर १० अँपिअर वाढवा आणि वेग कमी करा. मध्येच काळे ठिपके असतील तर स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळलेला मळ) अडकला आहे, रॉडचा कल तपासा. लगेच दुसरा जॉइंट करायला द्या, त्याच जाडीच्या पट्ट्यांवर.