मदत हवी आहे : कायम राहण्यासाठी जुनी मोटरहोम, रविवारपर्यंत ठरवायचं आहे

चाकावरचं_घर
दोन गाड्या बघून ठेवल्यात. पहिली २०१८ ची टेम्पो ट्रॅव्हलर, लांब चासीची, आतून पूर्ण मोटरहोम केलेली : पलंग, ओटा, फ्रिज, टॉयलेट, वर २०० वॅट सोलर, १८० लिटरची पाण्याची टाकी. दुसरी २०२१ ची, आधी ॲम्ब्युलन्स होती, आत आता नुसता पत्रा. पहिलीचा मालक रविवारी इसार मागतोय, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणतोय. मला एवढंच सांगा : सोलर पुरेल का, आणि टॉयलेट कॅसेटचं (डबा काढून नेता येतो ते) बरं की खाली टाकीचं? "घेऊच नका" असं कृपया कोणी लिहू नका, तो विचार करून झालाय.

आरसी_आधी
ताई, सोलर छतावरच आहे, कधीही वाढवता येईल. आधी हे सांगा :
गाडी कुठल्या पासिंगची? आरसीवर व्हेईकल क्लास काय लिहिलाय? नंबर प्लेट पिवळी की पांढरी? तुम्ही किती जण राहणार? मुक्काम कुठल्या भागात?
यातलं एकही तुमच्या पोस्टमध्ये नाही, आणि गाडी घ्यायची की नाही हे यावरच ठरतं.

चाकावरचं_घर
पासिंग एमएच-०९, कोल्हापूर. प्लेट पिवळी. आरसी व्हॉट्सॲपवर मागवलीय. आम्ही दोघं. मुक्काम बेळगाव, खानापूर, चिकोडी बाजूलाच, अधूनमधून गोवा. पण याचा सोलरशी काय संबंध?

बारा_व्होल्ट
सोलरचं मी सांगतो. दोघांना २०० वॅट पुरणार नाही. दिवसाचा खर्च मांडू :
५० लिटरचा कॉम्प्रेसरवाला बारा व्होल्टचा फ्रिज, साधारण ४५० वॅट-तास. दोन पंखे २५ वॅटचे, दहा तास, ५००. लॅपटॉप सहा तास, ३६०. दिवे, पंप, मोबाईल मिळून १००. म्हणजे १.४ युनिट. २०० वॅटची प्लेट हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात ०.७ ते ०.८ युनिट देते. निम्मीच गरज भागली. ४०० वॅट लावलं तर जानेवारीत भागेल, जुलैत मात्र खानापूर बाजूला त्याचं पाव होतं.
म्हणून सोलरइतकंच महत्त्वाचं म्हणजे अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावरच्या जनरेटरवरून, चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर. ३० अँपियरचा बसवला की चालत्या गाडीत तासाला ४०० वॅट-तासांच्या आसपास मिळतात, अडीच तासांच्या प्रवासात एक युनिट. आणि बाहेरून वीज घ्यायला १६ अँपियरचा सॉकेट, आत ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच). गाडीचा पत्रा अर्थिंगला जोडलेला हवाच, नाहीतर पावसात दाराच्या कडीला हात लावला की शॉक.
बॅटऱ्या कुठल्या आहेत?

चाकावरचं_घर
दोन मोठ्या, पलंगाखाली. १५० लिहिलंय. मालक म्हणतो नव्या आहेत.

बारा_व्होल्ट
म्हणजे इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर, पाण्याच्या. चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, बंद पलंगाखाली डोक्याशी ठेवणं धोक्याचं. निम्म्याखाली उतरवल्या की आयुष्य घटतं, म्हणजे एकीतून वापरायला ०.९ युनिटच. लिथियम फॉस्फेटची १०० अँपियर-तासांची एक तेवढंच काम करते. दोन्ही बदला.

उद्यमबाग_फिटर
लिथियमचं खूळ सगळ्यांच्या डोक्यात घालू नका. ट्युब्युलर बेळगावात कुठल्याही दुकानात मिळते, बिघडली तर त्याच दिवशी बदलून मिळते. पलंगाखालून काढून बाहेर चासीला जाळीच्या पेटीत टांगा, हवा लागते, विषय संपला. लिथियमचं बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) गेलं तर रामदुर्गात कोण उघडणार?

बारा_व्होल्ट
चासीला टांगलेल्या पेटीत चिखलाचं पाणी शिरतं, टर्मिनल हिरवी पडतात. आणि वजन? १५० ची एक ट्युब्युलर ५५ किलोच्या पुढे भरते, लिथियमची १२. दोन बदलल्या की ८५-९० किलो वाचले. जुनं बीएमएस बंद पडलं तर नवं मागवून चार तासांत बसतं. बिल्डर कोणीही असो, बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का तेवढं बघा ताई. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला बारा व्होल्टवर शंभराच्या आसपास अँपियर लागतात, वायर किमान २५ स्क्वेअर मिलिमीटरची हवी. घरातली अडीचची वायर दिसली तर सगळं वायरिंग उचकटावं लागेल असं धरूनच भाव करा.

ट्रेलरवाला
माझं ऐका, मोटरहोम नकोच, कॅरव्हॅन ट्रेलर घ्या. इंजिन बिघडलं तरी घर गॅरेजात जात नाही. पुढं बोलेरो जोडायची, ठिकाणावर सोडून बाजारहाट करायला मोकळं.

घाटमाथा
चोर्ला घाटाच्या वळणांवर, समोरून लॉरी, मागे ट्रेलर, आणि रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर? ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळा विमा, ब्रेकची वेगळी जुळणी. त्या एवढंच विचारतायत की दोनातली कुठली.

आरसी_आधी
मुद्द्यावर येऊ. पिवळी प्लेट म्हणजे ती अजून व्यावसायिक वाहन आहे, बहुधा टुरिस्ट परमिटवर चाललेली मॅक्सी कॅब किंवा बस. आत पलंग टाकला तरी कागदावर ती प्रवासी गाडीच राहते. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही आणि केलेल्या बदलाची नोंद आरसीवर हवी. नोंद नसेल तर दोन ठिकाणी अडतं : फिटनेसला गेलात की आसनं कुठायत विचारतात, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.
तुम्हाला हवा असलेला वर्ग "कॅम्पर व्हॅन, खासगी वापर" हा आहे. तो अव्यावसायिक गटात येतो. पांढरी प्लेट, १५ वर्षांची नोंदणी, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. व्यावसायिक राहिली तर आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस, पुढे दरवर्षी. २०१८ ची गाडी म्हणजे दरवर्षीचा फेरा सुरू झालाच समजा.
आणि कर्नाटकात कायम ठेवायची म्हणून एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) लागेल. कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात ठेवली तर नवी नोंदणी करावी लागते. मालकाने परमिट सरेंडर केलेलं असावं, कर भरलेला असावा, चलनं शून्य असावीत. कर्ज होतं तर ते फिटल्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. त्यानंतर फॉर्म २८ ची एनओसी, मग गाडी नावावर करायचे २९ आणि ३०, मग केए-२२ ला (बेळगाव आरटीओ) नोंदणी आणि कर. विक्रेता म्हणेल "एजंट करून देतो". एजंट परमिट सरेंडर करू शकतो, बेकायदा बदल कायदेशीर करू शकत नाही.
सरकारच्या 'वाहन' नावाच्या संकेतस्थळावर नंबर टाकून कर्ज आणि ब्लॅकलिस्ट आत्ता बघून घ्या.

निपाणी_चौक
एसी नक्की दीड टनाचाच घ्या, इन्व्हर्टरवाला. एक टन उन्हाळ्यात कमी पडतो, अथणी बाजूला तर पत्रा नुसता तापतो.

बारा_व्होल्ट
एसीचं कुणी विचारलेलं नाही. एक टनाचा एसी रात्रभर चालवायचा म्हणजे पाच-सहा युनिट, ती बॅटरी आणि तेवढं सोलर छतावर मावतच नाही. बेळगावची हवा बघता छताला २५ मिलिमीटरचं इन्सुलेशन आणि हवा बाहेर फेकणारा एक पंखा पुरतो.

उद्यमबाग_फिटर
मी ॲम्ब्युलन्सच्या बाजूने. आत नुसता पत्रा आहे म्हणजे गंज दिसतो. पहिल्या गाडीत सगळं प्लायखाली झाकलंय, तुम्ही काय विकत घेताय ते कळणारच नाही. ॲम्ब्युलन्सचे किलोमीटर कमी दिसले तरी इंजिन तासन् तास उभ्यानं चालतं, तेव्हा मीटरवर विश्वास नको. इंजिन थंड असताना स्टार्ट करायला लावा, आधी गरम करून ठेवलेलं नको. आयडलवर ऑइलचं झाकण उघडा. आतून जोरात हवा आणि धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. बीएस-६ असल्यानं धूर गाळायचा फिल्टर उभ्यानं चालून तुंबलेला असू शकतो, स्कॅनर लावून काजळीचा भरणा किती ते बघा. मागचे पाटे सरळ झाले असतील, शॅकलच्या (पाटे टांगायच्या कड्यांच्या) बुशा ढिल्या असतील, तर किमतीतून वजा करा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचे.

आरसी_आधी
फिटरदादा, ॲम्ब्युलन्सलाही वर्ग बदलावाच लागतो. सायरन, दिवे, रंगपट्टे काढायचे, परवानगी घ्यायची, आणि नोंदणीत करसवलत घेतलेली असेल तर फरक भरायचा. फायदा एवढाच की आधी परवानगी घेऊन मग काम करता येतं, उलटं नाही.

घाटमाथा
ताई, पहिल्या गाडीचं छत बघितलंत का? सोलरची चौकट, व्हेंट, केबलचं भोक, एसी असेल तर मोठा चौकोन. प्रत्येक भोक म्हणजे जांबोटी-कणकुंबीच्या पावसात एक गळती. वर चढा आणि सीलंटला नखानं दाबा. पांढरं, लवचीक, कडेला उचकटलेलं दिसलं तर ते सिलिकॉन. सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही, पूर्ण खरवडून काढावं लागतं. पॉलियुरेथेन सीलंट आणि चौकटीच्या कडेखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवी.
तपासायचं कसं : प्रेशरचं पाणी नको, ते चांगल्या रबरातूनही आत घुसतं. साधी बागेची नळी घ्या. आधी खिडक्यांच्या खालून दहा मिनिटं, मग खिडक्या, मग पन्हळ, शेवटी छत. खालून वर का, तर गळती कुठल्या उंचीवर सुरू झाली ते कळतं. दुसऱ्या माणसानं आत टॉर्च घेऊन बसायचं. पलंगाखालचा आणि ओट्यामागचा कोपरा हातानं दाबा. प्लाय फुगलेला, काळा डाग, किंवा कुबट वास असेल तर पाणी बरेच महिने आत येतंय. दाराच्या पायरीच्या आत, मागच्या चाकाच्या कमानीवर आणि पुढच्या काचेच्या रबराखाली स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला थप्प वाजतो. गोव्याहून किंवा मालवणहून आलेली असेल तर चासीचे खालचे आडवे मेंबर (लोखंडी पट्ट्या) तर बघाच बघा.

चाकावरचं_घर
आरसी आली. वर्ग मॅक्सी कॅब. ग्रॉस वजन (सामान-माणसांसकट कमाल मर्यादा) ४,३०० किलो. परमिट सरेंडर झालेलं नाही. मालक म्हणतो ते नंतर करू. त्याला सांगून गाडी काट्यावर घेतली : टाकी रिकामी, ड्रायव्हर खाली, ३,९६० भरली. पुढचा ॲक्सल १,५२०, मागचा २,४४०. हे ठीक आहे ना?

उद्यमबाग_फिटर
काट्यावर घेतलीत हे फार चांगलं केलंत. बेरीज करू. शिल्लक ३४०. पाणी १८० लिटर म्हणजे १८० किलो. दोघं १३०. पाच किलोचा सिलिंडर भरलेला, शेगडीसकट १५. कपडे, भांडी, गाद्या, धान्य, जॅक, हत्यारं १५० तरी. झाले ४७५. १३५ किलो जास्त, आणि हे कायमचं, सुट्टीपुरतं नाही. ब्रेक गरम होतात, पाटे बसतात, टायर आतून फुटतो. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे असेल तर सगळा भार मागच्या ॲक्सलवर. टाकी नेमकी कुठे आहे?

चाकावरचं_घर
मागेच, डिकीच्या जागी. आता काय करू? कमी करता येईल का?

बारा_व्होल्ट
येईल. बॅटऱ्या लिथियमच्या, ८५-९० किलो. प्रवासात १०० लिटरच पाणी, ८० किलो. हिशोब काठावर बसतो. पलंगाची खोकी १८ मिलिमीटर प्लायची असतील तर आठ बाय चारची एक शीट ३५ किलोची, ती १२ च्या केल्या की शीटमागे ११-१२ वाचतात. टाकी मात्र दोन्ही ॲक्सलच्या मधे आणा.

उद्यमबाग_फिटर
हे सगळं बदलायचं तर पहिल्या गाडीचा "तयार" म्हणून जास्त भाव कशाला? लिथियम काय स्वस्तात येतंय?

आरसी_आधी
भांडण नंतर. ताई, परमिट सरेंडर नाही म्हणजे एनओसी निघणार नाही, एनओसी नाही म्हणजे गाडी तुमच्या नावावर बेळगावात येणार नाही. "नंतर करू" वर इसार देऊ नका. द्यायचाच असेल तर कागदावर लिहून घ्या : परमिट सरेंडर, चलनं शून्य, कर्ज असल्यास फॉर्म ३५, फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्यावर बाकी रक्कम, इतक्या तारखेपर्यंत न झाल्यास इसार परत. बदलाची नोंद कोण करून घेणार तेही त्यातच. तो सही करत नसेल तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ दे.

चाकावरचं_घर
त्याला हेच पाठवलंय. ॲम्ब्युलन्सचीही आरसी मागवली. पण टॉयलेटचं कोणीच सांगितलं नाही.

घाटमाथा
कॅसेट. खालच्या टाकीला घाण सोडायला जागा लागते, ती आपल्या भागात मिळत नाही, आणि भरलेली टाकी म्हणजे पुन्हा मागच्या ॲक्सलवर वजन. २० लिटरची कॅसेट दोघांना दोन-तीन दिवस जाते, भरली की हातानं नेऊन शौचालयात ओतता येते. औषध फॉर्मॅलिनवालं घेऊ नका, कुणाच्या घरच्या सेप्टिक टँकमध्ये ओतलंत तर तिथले जंतू मरतात आणि टँक तुंबतो. झाकणाच्या रबराला महिन्याला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, रबर फुगतं. आंघोळीचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये.
आणि गॅस बघून घ्या : एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक नसेल तर त्या गाडीत झोपू नका. गळतीचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर.

निपाणी_चौक
ॲम्ब्युलन्सच्या आरसीवर ग्रॉस वजन किती आहे ते इथं टाका, इन्सुलेशन धरून हिशोब करून देतो.